ड्रॅक्युलाचे मूळ गाव

‘ड्रॅक्युला’ हे नाव ऐकलेले नाही असा माणूस आज शोधूनही सापडायचा नाही. शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर त्याचे एकच चित्र उभे राहते. उभ्या कॉलरचा काळा झगा, चापूनचोपून बसवलेले केस आणि ओठांच्या कोपऱ्यांतून डोकावणारे दोन सुळे. सूर्य उगवला की त्याची राख होते आणि छातीत लाकडी खुंटी ठोकली की तो कायमचा मरतो, हेही सर्वांना पाठ असते. पण ब्रॅम स्टोकरची मूळ कादंबरी वाचलेला माणूस भेटणे मात्र कठीण. आणि ज्यांनी ती वाचली आहे त्यांना ठाऊक असते, की या चित्रातले निम्मे तपशील कादंबरीत नाहीतच.

कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा म्हणून. त्याच्या तळहातांवर केस आहेत. पुढे तो तरुण होत जातो आणि भर दिवसा लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर उभा राहून एका तरुणीकडे टक लावून पाहतो. उन्हाने त्याला काही होत नाही. दिवसा त्याची शक्ती चालत नाही, एवढेच. आणि शेवटी तो मरतो तो खुंटीने नव्हे. एका अमेरिकन माणसाचा सुरा त्याच्या छातीत घुसतो आणि एका इंग्रज वकिलाच्या हातातली कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते. होय, आपल्याकडच्या गुरख्यांच्या कमरेला असते तीच कुकरी.

मग ते उन्हात जळणे आले कुठून? ते आले १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून. उभ्या कॉलरचा झगा आला तो १९२४ साली इंग्लंडात रंगभूमीवर आलेल्या नाटकातून. नटाने प्रेक्षकांकडे पाठ केली की त्या कॉलरीआड त्याचे डोके झाकले जाई आणि फळीतल्या झडपेतून त्याला गुपचूप नाहीसे होता येई. म्हणजे जी कॉलर आज भीतीचे प्रतीक झाली आहे, ती मुळात नेपथ्यातली एक सोय होती. पुढे १९३१ साली बेला लुगोसी या नटाने हॉलिवूडच्या बोलपटात तोच झगा घातला आणि जगाने ते रूप कायमचे पक्के करून टाकले.

हे सगळे सांगायचे कारण असे, की ड्रॅक्युलाच्या रूपाबाबत आपली जशी फसगत झाली आहे, तशीच त्याच्या मुळाबाबतही झाली आहे. ‘ड्रॅक्युला कोण होता?’ असे कोणालाही विचारा. थोडेफार वाचलेला माणूस लगेच सांगेल, ‘तो खराखुरा राजा होता. रुमानियातला. माणसांना सुळावर चढवायचा आणि रक्त प्यायचा.’ माझे म्हणणे असे आहे, की हे उत्तर बव्हंशी चूक आहे. आणि ते चूक असण्यात केवळ साहित्याच्या अभ्यासकांना नव्हे, तर तुम्हाआम्हालाही लक्ष घालण्यासारखे काही आहे.

राजा आणि राक्षस

व्लाद नावाचा राजा खराच होऊन गेला. तो पंधराव्या शतकातला, वालाकिया या छोट्या राज्याचा अधिपती. त्याचा बाप सम्राट सिगिसमुंडने काढलेल्या ‘ड्रॅगन’ पंथाचा सरदार होता, म्हणून त्याला ‘ड्रॅकुल’ म्हणत. आणि ड्रॅकुलचा मुलगा तो ‘ड्रॅक्युला’. इतके सरळ हे नाव आहे. लहानपणी व्लाद आणि त्याचा भाऊ राडू तुर्कांकडे ओलीस होते. गादीवर आल्यावर १४६२ साली याच व्लादने, कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमेद सुलतानाच्या छावणीवर रात्री छापा घातला होता. शत्रूंना सुळावर चढवण्याची त्याची क्रूर सवय प्रसिद्धच होती. त्यावरून त्याला मागाहून ‘त्सेपेश’, म्हणजे सुळावर देणारा, हे नाव पडले. त्याच्या क्रौर्याच्या कथा जर्मन छापखान्यांनी चोपड्या काढून खपवल्या. नव्या छपाईच्या धंद्यातला तो चांगला चालणारा माल होता. रुमानियन माणसाच्या स्मरणात मात्र तो तुर्कांना टक्कर देणारा, चोरांना धाक घालणारा कडक राजा म्हणूनच राहिला.

आता स्टोकरला या राजाविषयी किती ठाऊक होते? कादंबरीसाठी स्टोकरने काढलेली टिपणे सुदैवाने शिल्लक आहेत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात ती जपून ठेवली आहेत. १८९० साली त्याने ती काढायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या खलनायकाचे नाव होते ‘काउंट वॅम्पायर’, आणि त्याचा मुक्काम होता ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात. त्या उन्हाळ्यात स्टोकर यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी या गावी सुटीला गेला. तिथल्या वाचनालयातून त्याने विल्किन्सन नावाच्या एका इंग्रज वकिलातीच्या अधिकाऱ्याने १८२० साली लिहिलेले वालाकिया-मोल्दाविया प्रांतांचे वर्णन वाचायला घेतले. त्यात तुर्कांशी लढलेल्या ‘ड्रॅक्युला’ नावाच्या एका सरदाराचा ओझरता उल्लेख होता, आणि खाली तळटीप होती, की वालाकियन भाषेत या शब्दाचा अर्थ सैतान असा होतो. स्टोकरने ती टीप उतरून घेतली आणि ‘वॅम्पायर’ हे नाव खोडून ‘ड्रॅक्युला’ लिहिले.

व्लादचा आणि कादंबरीचा खात्रीने सांगता येईल असा संबंध एवढाच, एका तळटिपेपुरता. टिपणांत ‘व्लाद’ हे नाव नाही. सुळावर चढवण्याचा उल्लेख नाही. शिवाय स्टोकरने आपला काउंट वसवला तो वालाकियात नव्हे, तर पलीकडच्या ट्रान्सिल्व्हेनियात. आणि त्याला जात दिली ती सेकेली, म्हणजे हंगेरियन बोलणाऱ्या लोकांची. तो स्वतः त्या भागात आयुष्यात कधी गेला नाही. एमिली जेरार्ड नावाच्या लेखिकेने तिथल्या समजुतींवर जे लिहिले होते, ते आणि काही प्रवासवर्णने यांवर त्याने काम भागवले.

मग राजा आणि राक्षस एक झाले कधी? ते झाले प्रामुख्याने १९७२ नंतर. त्या वर्षी मॅकनली आणि फ्लोरेस्कू या दोन प्राध्यापकांचे ‘ड्रॅक्युलाच्या शोधात’ अशा अर्थाचे पुस्तक अमेरिकेत गाजले आणि व्लाद हाच खरा ड्रॅक्युला हे समीकरण घरोघर पोचले. मौज अशी, की त्यानंतर चारच वर्षांनी, १९७६ साली, चाउसेस्कूच्या रुमानियात याच व्लादची पाचशेवी पुण्यतिथी राष्ट्रवीर म्हणून साजरी झाली. एकाच माणसाचा एकीकडे पुतळा आणि दुसरीकडे सुळ्यांचा मुखवटा! आज पर्यटक ब्रान इथला किल्ला ‘ड्रॅक्युलाचा किल्ला’ म्हणून पाहायला जातात. त्या किल्ल्याचा व्लादशी म्हणावा असा संबंध नाही, आणि स्टोकरने तो पाहिलेला नव्हता. व्लादचे म्हणून जे सिगिशोआरा हे जन्मगाव सांगतात, तिथे २००१ साली ड्रॅक्युलाच्या नावाने करमणुकीचा बगिचा काढायचा बेत सरकारने जाहीर केला. जुन्या गावाची नासाडी होईल म्हणून त्याला देशातून आणि बाहेरूनही विरोध झाला आणि तो बेत तिथून बारगळला.

आपण जरा रुमानियन माणसाच्या जागी उभे राहून पाहावे. आपल्या इतिहासातल्या एखाद्या लढवय्याचे नाव कोणा परदेशी लेखकाने तळटिपेतून उचलावे, ते भुताला द्यावे, आणि शंभर वर्षांनी जगभरचे लोक आपल्या गावात ‘ते भूत कुठे राहते?’ असे विचारत यावेत, तर आपल्याला काय वाटेल? तिकिटांचे पैसे मिळाले म्हणून ते बरे वाटेल काय?

कचेरीत जन्मलेला काउंट

मला विचाराल तर ड्रॅक्युलाचे मूळ गाव कार्पेथियन डोंगरात नाही. ते आहे डब्लिन-लंडनच्या कचेऱ्यांत. मी चौतीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे हे मत पक्षपाती आहे असे कोणी म्हटले तर माझी हरकत नाही. पण पुरावा पाहा.

स्टोकरचा जन्म १८४७ सालचा, डब्लिनजवळच्या क्लॉनटार्फचा. पदवी घेऊन तो डब्लिन कॅसलमध्ये सरकारी नोकरीला लागला. त्याचे १८७९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक कोणत्या विषयावर असावे? आयर्लंडमधल्या कनिष्ठ न्यायालयांतील कारकुनांची कर्तव्ये! तोवर तो लंडनला जाऊन हेन्री आयर्विंग या त्या काळच्या नटसम्राटाच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक झालेला होता. पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्याने हिशेब ठेवले, पत्रे लिहिली, तिकीटविक्री सांभाळली, अमेरिकेच्या दौऱ्यांच्या गाड्या-जहाजांची व्यवस्था केली. लेखन करायचे ते सुट्यांमध्ये. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या कोणालाही ही ओढाताण समजावून सांगायला नको.

ड्रॅक्युलाची टिपणे पाहिली की हा कारकून लख्ख दिसतो. कोणत्या तारखेला काय घडते याचे तक्ते, आगगाड्यांच्या वेळा, व्हिटबीच्या किनारारक्षकांकडून मिळवलेली वादळांची आणि बुडालेल्या जहाजांची माहिती, तिथल्या दफनभूमीतल्या दगडांवरची नावे, स्थानिक बोलीतले शब्द. १८८५ साली व्हिटबीच्या किनाऱ्याला ‘दिमित्री’ नावाचे जहाज लागले होते; ते नार्वा बंदरातून आलेले. कादंबरीत ते ‘डिमीटर’ झाले आणि नार्वाचे वार्ना झाले. डोक्याला मार लागलेल्या रोग्याचे काय होते, याचे टिपण त्याने आपल्या सर्जन भावाकडून लिहून घेतले. सात वर्षे हा उद्योग चालला होता. २६ मे १८९७ रोजी पिवळ्या कापडी बांधणीतले, लाल अक्षरांचे पुस्तक सहा शिलिंगांना विक्रीला आले.

आणि कादंबरीही कशी, तर सबंध कागदपत्रांची. रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे, जहाजाची नोंदवही. कथेचा नायक जोनाथन हार्कर हा वकिलाच्या कचेरीतला नवा माणूस. तो ट्रान्सिल्व्हेनियात जातो ते भूत शोधायला नव्हे. काउंटला लंडनजवळ घर घ्यायचे आहे, त्या खरेदीखताचे काम पुरे करायला. किल्ल्यात काउंट काय वाचत बसला आहे? इंग्लंडच्या रेल्वेचे वेळापत्रक आणि वकिलांची यादी. तो विचारतो काय? एकाच वेळी दोन-तीन वकील ठेवता येतील का, आणि एका बंदरातून माल पाठवायचा तर दुसऱ्या गावच्या माणसाकडे काम देता येईल का. बँकेत कर्जखाते सांभाळलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येतो. सुळे दिसतात तेव्हा तो इतका येत नाही! आपल्या व्यवहाराचे सर्व तुकडे कोणा एकाच्या नजरेला पडू नयेत, अशी काळजी घेणारा ग्राहक कोण असतो, हे आम्ही लोक जाणतो.

काउंट आपल्या मातीने भरलेल्या पन्नास पेट्या इंग्लंडला पाठवतो, कारण दिवसा त्याला त्याच मातीत निजावे लागते. त्याचे शत्रू त्याला पकडतात ते मंत्राने नव्हे, तर मालवाहतुकीच्या पावत्या पाहून आणि हमालांना भेटून. सहा पेट्या माइल एंडला, सहा बर्मंडसीला, नऊ पिकॅडिलीला, एकोणतीस कारफॅक्सच्या घरात. बेरीज पन्नास. एकोणपन्नास पेट्या निकामी केल्यावर हिशेबात एक पेटी कमी पडते, आणि त्या एका पेटीसाठी सगळ्यांना पुन्हा युरोप ओलांडून धावावे लागते. वर्षअखेरीस एका रुपयाच्या फरकासाठी रात्री जागवलेल्यांना हे प्रकरण जवळचे वाटेल. शिवाय हे सर्व कागद तारीखवार लावून, टंकलेखन करून, सर्वांच्या हाती प्रती देण्याचे काम करते ती मिना ही बाई. कादंबरीतली खरी विजयी व्यक्ती मला तीच वाटते.

आणि एक प्रसंग तर विसरताच येत नाही. हार्कर कुकरीचा वार करतो, तो काउंटच्या अंगाला लागत नाही, कोट फाटतो. त्या फाटलेल्या कोटातून नोटांचे पुडके आणि सोन्याच्या नाण्यांची धार जमिनीवर सांडते. आणि खिडकीतून उडी मारण्याआधी हा शतकांचा पिशाच जमिनीवरचे मूठभर पैसे उचलून घेतो! भांडवल हे जिवंत श्रमाचे रक्त पिऊन जगते, ही उपमा मार्क्सने १८६७ सालीच दिली होती. स्टोकर काही मार्क्सवादी नव्हता. पण ज्या आयर्लंडात तो जन्मला, तिथे त्या वर्षी बटाट्याच्या दुष्काळाने हाहाकार माजला होता, आणि अनेक जमीनदार लांब इंग्लंडात बसून खंड वसूल करत होते.

गरिबाचे भूत, श्रीमंताचे भूत

इथे आपण खऱ्या मुळाकडे येतो. पूर्व युरोपातल्या लोकांच्या समजुतीतला व्हॅम्पायर काउंट नव्हता. त्याच्याकडे किल्ला नव्हता, झगा नव्हता. तो साधा शेतकरी असे, गावातलाच, नुकताच मेलेला.

१७२५ साली सर्बियातल्या एका खेड्यात, आणि १७३२ च्या सुमारास दुसऱ्या एका खेड्यात, लोकांनी प्रेते उकरून काढली. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. लष्करी शल्यवैद्यांनी पंचनामे केले, अहवाल लिहिले, ते वर्तमानपत्रांत छापून आले आणि ‘व्हॅम्पायर’ हा शब्द युरोपभर पसरला. म्हणजे इथेही मुळाशी सरकारी कागदच! प्रेत फुगलेले होते, ओठांवर रक्त होते, नखे वाढल्यासारखी दिसत होती, असे त्या अहवालांत आहे. आज आपल्याला त्याची कारणे ठाऊक आहेत. कुजताना शरीरात वायू साठतो, त्याच्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडाशी येतो; कातडी आक्रसते म्हणून नखे लांब भासतात. खेड्यात एकामागून एक माणसे मरत होती. त्यांचे कारण कोणाला कळत नव्हते, आणि कारण हवे होते. म्हणून आधी मेलेल्यावर आळ आला. अखेर १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य व्हान स्वीटन याच्या सल्ल्याने थडगी उकरायला बंदी घातली.

ही अडाणी खेड्यांची जुनी गोष्ट म्हणून आपण सोडून देऊ. पण मग अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातले १८९२ साल पाहा. ब्राऊन नावाच्या शेतकऱ्याची बायको क्षयाने गेली, थोरली मुलगी गेली, मग एकोणीस वर्षांची मर्सी गेली. मुलगा एडविन अंथरुणावर. शेजाऱ्यांनी बापाच्या मागे लकडा लावला. कडाक्याच्या थंडीत जेमतेम दोन महिन्यांपूर्वी ठेवलेले मर्सीचे प्रेत ताजे दिसले, यात नवल नव्हते. पण तिचे काळीज काढून जाळले आणि ती राख भावाला औषध म्हणून पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला त्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती! अशा अमेरिकन प्रकारांची माहिती देणारे १८९६ सालचे वर्तमानपत्राचे कात्रण स्टोकरच्या टिपणांत आहे.

स्टोकरला भीतीचे पहिले धडे मिळाले ते मात्र आईकडून. सात वर्षांचा होईतो तो आजाराने अंथरुणाला खिळलेला असे, आणि आई शार्लट त्याला १८३२ सालच्या स्लायगो गावातल्या पटकीच्या गोष्टी सांगे. मेला समजून पुरायला नेलेला माणूस जागा झाल्याच्या, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाळीत टाकल्याच्या. पुढे तिने त्या लिहूनही काढल्या. या पटकीच्या साथींची सुरुवात १८१७ साली आपल्या बंगालात झाली होती. तिथून लष्कराच्या आणि व्यापाराच्या वाटांनी रोग पसरत गेला. पूर्वेकडून जहाजात बसून येणारे अदृश्य मरण ही ड्रॅक्युलाची मध्यवर्ती कल्पना त्या आठवणींत रुजलेली असावी, असे मला वाटते.

या कल्पनेत एक खोटही आहे आणि ती सांगितली पाहिजे. संकट नेहमी परक्या देशातून, परक्या चेहऱ्याने येते, हे कादंबरीने गृहीत धरले आहे. आता तारखा पाहा. हे पुस्तक लंडनच्या दुकानांत आले १८९७ च्या मे महिन्यात. त्याच वर्षी आपल्या पुण्यात प्लेग होता. तपासणीसाठी गोरे सोल्जर लोकांच्या घरांत, माजघरांत, देवघरांत शिरले होते. २२ जूनला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लंडनचा वाचक पूर्वेकडून येणाऱ्या काउंटच्या कल्पनेने शहारत होता, तेव्हा पुण्याच्या गृहस्थाच्या उंबऱ्यावर बोलावल्यावाचून उभा होता तो लंडनचा शिपाई. परका कोण, हे उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत त्यावर ठरते.

व्हॅम्पायरला खेड्यातून उचलून दिवाणखान्यात नेले ते लेखकांनी. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनच्या बंगल्यात भुतांच्या गोष्टी रचण्याची टूम निघाली. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चे बीज तिथले. बायरनचा तरुण डॉक्टर पोलिडोरी यानेही तिथल्याच एका धाग्यावरून कथा लिहिली. ती १८१९ साली छापली गेली तीही बायरनच्या नावावर! तिच्यातला व्हॅम्पायर मात्र लॉर्ड होता, उंची कपड्यांतला, मेजवान्यांना बोलावला जाणारा. १८७२ साली ले फानू या दुसऱ्या आयरिश लेखकाची ‘कार्मिला’ आली. या दोन्ही पायऱ्या चढून स्टोकर पोचला. माझ्या मते हा बदल फार मोलाचा आहे. लोकांनी ज्याला उकरले तो निरपराध गरीब होता. लेखकांनी ज्याच्यावर बोट ठेवले तो निदान खरोखर दुसऱ्यांच्या रक्तावर जगणाऱ्या वर्गातला होता.

आपला वेताळ आणि त्यांचा काउंट

आपल्या बाजूचाही एक धागा या गोष्टीत आहे. रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी १८४२ साली मुंबईच्या फौजेत आला, गुजरात-सिंधमध्ये राहिला, गोव्यावर पुस्तक लिहून गेला. १८७० साली त्याने आपल्या वेताळाच्या पंचवीस कथांतल्या अकरा इंग्रजीत नेल्या आणि नाव दिले ‘विक्रम आणि व्हॅम्पायर’. स्टोकर या बर्टनला लंडनमध्ये अनेकदा भेटला होता. बोलताना बर्टनचा ओठ वर जाई आणि सुळा चमके, अशी आठवण त्याने लिहून ठेवली आहे. त्यावरून काउंटचा सुळा बर्टनचा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसे म्हणायला पुरावा नाही, आणि राजा व्लादच्या बाबतीत जी घाई झाली ती आपण करू नये.

वेताळाला व्हॅम्पायर म्हणणे मात्र मला अन्यायाचे वाटते. आपला वेताळ रक्त पीत नाही, प्रश्न विचारतो. आणि शेवटी राजाला कपटी योग्यापासून सावधही करतो. कोकण-गोव्यात तर तो गावाचा राखणदार आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात. खरा ड्रॅक्युला मराठी घरात आला तो वेगळ्या वाटेने. स्टीफन किंगने ड्रॅक्युलाला मनात धरून अमेरिकेतल्या लहान गावावर १९७५ साली ‘सालेम्स लॉट’ लिहिली, आणि तिच्यावरून नारायण धारपांनी ‘लुचाई’ बेतली. कंदिलाच्या उजेडात धारप वाचून रात्री अंगणात जायला घाबरलेली आमची पिढी स्टोकरचीच ऋणको होती, फक्त तिला ते ठाऊक नव्हते.

स्टोकरच्या पदरात काय पडले? १९०५ साली आयर्विंग वारला. त्यानंतर स्टोकरची प्रकृती आणि प्राप्ती दोन्ही खालावली. १९११ साली गरजू लेखकांना मदत करणाऱ्या निधीकडे त्याला अर्ज करावा लागला. २० एप्रिल १९१२ रोजी तो गेला, ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर पाचच दिवसांनी, आणि लोकांचे लक्ष साहजिकच तिकडे होते. त्याची टिपणे पुढच्या वर्षी क्षुल्लक किमतीला विकली गेली. त्याच्या विधवेने, फ्लॉरेन्सने, मात्र हक्क सोडला नाही. ‘नोस्फेराटू’ परवानगीवाचून काढला म्हणून ती जर्मन न्यायालयात लढली. १९२५ साली त्या चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती तरीही वाचल्या. कलेच्या दृष्टीने ते बरेच झाले. पण एका एकट्या बाईने नवऱ्याच्या लेखणीचे देणे मागितले, यात तिचे काय चुकले?

कादंबरीत एक नियम आहे. घरातल्या कोणी आत बोलावल्याखेरीज काउंटला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. एकदा बोलावले की मग तो हवा तेव्हा येऊ शकतो. मला स्टोकरचे सर्वांत मोठे शहाणपण यात दिसते. एका शाखेत एक गृहस्थ गोदामातला माल तारण ठेवून कर्ज घेत असत. वागणे गोड, कागदपत्रे इतकी चोख की तपासनिसांनी वाखाणली होती. पोती फोडली तेव्हा वरच्या थरात धान्य आणि खाली भुसा निघाला. असे लोक कडी तोडून येत नाहीत. त्यांना आपणच खुर्ची देतो, चहा मागवतो.

आणि जे खरोखर कडी तोडून येते, म्हणजे रोगराई, तिच्यासाठी मात्र आपण निरपराध माणूस शोधतो. २०२० साली कोरोना आला तेव्हा इस्पितळातून थकून घरी आलेल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना सोसायटीत शिरू न देणारे लोक आपल्याच शहरांत होते. कोणाला डाकीण ठरवून छळू नये यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. मर्सी ब्राऊनच्या शेजाऱ्यांना नावे ठेवण्याआधी एवढे लक्षात असू द्यावे.

घरातल्या मोठ्या मुलांनी सिनेमातला ड्रॅक्युला जरूर पाहावा, पण एकदा मूळ पुस्तकही हातात घ्यावे. सुरुवातीची चार प्रकरणे रात्री वाचण्यासारखी आहेत. पुढची मात्र दिवसा, हातात पेन्सिल घेऊन, पेट्यांचा हिशेब मांडत वाचावी. बेरीज पन्नास यायला हवी.